काथ्याचा दोर इपॉक्सीत बुडवून मार्सेल वांडर्सच्या ‘नॉटेड चेअर’सारखी खुर्ची घरी करता येईल का?

तुम्ही लिहिलंय की म्हापशाच्या बाजारातून सुंभ आणायचा, मॅक्रमेच्या (दोर गाठींनी विणायच्या कलेतल्या) गाठी मारायच्या, इपॉक्सीत (दोन घटक कालवले की कडक होणाऱ्या रेझिनमध्ये) भिजवायचा आणि खुर्ची बाल्कांवात (घरापुढच्या बैठकीच्या ओसरीत) ठेवायची. काथ्याची होणार नाही. आकार येईल, फोटोही छान निघेल, पण माणूस बसला की पाय फाकतील.

डच डिझायनर वांडर्सची १९९६ची खुर्ची दोराची दिसते, म्हणून सगळे दोराच्याच मागे लागतात. ती ड्रोग डिझाइन हा डच डिझाइन-गट आणि डेल्फ्टच्या तांत्रिक विद्यापीठातला विमानविद्या विभाग यांच्या प्रकल्पातून आली. दोराच्या गाभ्यात कार्बन फायबर आणि वरून अरामिडची (केव्हलरसारख्या चिवट कृत्रिम धाग्याची) वीण. गाठी हाताने मारून, इपॉक्सी मुरवून ती चौकटीत टांगली आणि तशीच कडक होऊ दिली. बैठकीचा झोळ आलाय तो त्या टांगण्यामुळे. भार पेलतो तो कार्बन. त्याचा ताठपणा सुमारे २३० गिगापास्कल, काथ्याचा जेमतेम ४ ते ६. काथ्या तुटण्याआधी भरपूर ताणला जातो आणि रेझिन त्याच्या कितीतरी आधी तडकतं.

मासेमारीचे दोरही नकोत. पॉलिप्रॉपिलीनला इपॉक्सी धरतच नाही आणि नायलॉनला धरल्यासारखी वाटते, पण भार आला की सुटते.

जमण्यासारखा मार्ग काचधाग्याचा. फायबरच्या होड्या करणारे वापरतात तो २४०० टेक्सचा (किलोमीटरला २४०० ग्रॅम भरणारा) रोव्हिंग, म्हणजे काचधाग्यांचा न पिळलेला जुडगा घ्या, ४ पदर एकत्र करा आणि पोकळ विणीच्या सुती नाडीत ओवा. तयार लांबीच्या चौपट दोर कापा, दुमडून गाठी मारायच्या असतील तर आठपट. गाठी आवळताना दात-ओठ खाऊ नका. काच तीव्र वळणावर मोडते आणि ते नाडीच्या आत असल्याने दिसत नाही. पायांत दोर नुसते समांतर सोडू नका, आडव्या गाठी खालपर्यंत न्या. पहिली मोड जवळपास नेहमी बैठकीच्या लगेच खाली, जिथे गाठी संपतात तिथे येते.

होडीवाला पॉलिएस्टर रेझिन देईल, ते घेऊ नका. ते आकसतं आणि ठिसूळ असतं. इपॉक्सीच घ्या, हार्डनर (तिला कडक करणारा दुसरा घटक) संथ जातीचा. प्रमाण डब्यावर लिहिलंय तेच, इलेक्ट्रॉनिक काट्यावर तोलून. हार्डनर जास्त घातला म्हणून लवकर वाळत नाही, उलट कायमची मऊ राहते. एका वेळी २०० ते ३०० ग्रॅमच कालवा आणि पसरट ताटात ओता. आपल्या उकाड्यात किलोभर मिश्रण बादलीत राहिलं तर धूर सोडतं. विणकामाला आधी दोन उन्हं दाखवा, कारण सुतातला दमटपणा आत अडकतो. भिजवल्यावर हातमोजे घालून पिळून काढा. गाठींत साचलेलं रेझिन नुसतं वजन वाढवतं. मग लोखंडी चौकटीत चारही पाय आणि पाठीची कड बांधून टांगा.

हे काम डिसेंबर ते फेब्रुवारीत, दव सुकल्यावर. पावसाळ्यात इपॉक्सीवर मेणचट थर येतो. तो पाण्याने धुतल्याशिवाय पुढचा हात दिला तर पापुद्रे सुटतात. कडक झाल्यावर चौकटीतून काढायच्या आधी काळ्या ताडपत्रीखाली कडक उन्हात काही तास तापवा. ही पायरी गाळली तर पुढे मे महिन्याच्या उन्हात खुर्ची मऊ पडून वाकडी होते. शेवटी यूव्ही-रोधक टू-पॅक पीयू क्लिअरचे (दोन घटकांच्या पारदर्शक पॉलियुरेथेन वार्निशचे) दोन हात, नाहीतर इपॉक्सी पिवळी पडून भुकटते.

बसण्याआधी वाळूची पोती ठेवा: ५०, ७५, मग १०० किलो. कट्ट आवाज आला तर ती खुर्ची शोभेची.

काथ्या ‘नैसर्गिक’ म्हणून तोच हवा, असा आग्रह कला शिकलेली मंडळी धरतात तेव्हा मला राग येतो. इपॉक्सीत बुडवलेला काथ्या कुजत नाही, पुन्हा वापरता येत नाही आणि भारही पेलत नाही. काथ्याचा एवढाच मान ठेवायचा असेल तर ब्राझीलच्या कांपाना बंधूंची १९९३ची ‘वेर्मेल्या’ खुर्ची बघा. सुमारे ५०० मीटर सुती दोर लोखंडी सांगाड्यावर वेड्यावाकड्या वेटोळ्यांनी गुंफलाय. भार सांगाडा घेतो, दोर फक्त बसायला. आपल्याकडच्या जुन्या वोल्तेरमध्येही (लांब हातांच्या आरामखुर्चीत) वेत हेच करतो, लाकूड भार घेतं. तुमच्या काथ्याला हाच मार्ग बरोबर आहे आणि बाल्कांवात तो वर्षानुवर्षं टिकेल. भिजू मात्र देऊ नका, काथ्या सैल पडतो.

दोन गोष्टी राहिल्या. घासताना मास्क आणि पूर्ण बाह्या हव्यात. काचेची कुसळं टोचतात आणि इपॉक्सीची ॲलर्जी एकदा लागली की सुटत नाही. आणि वांडर्सचं डिझाइन स्वतःसाठी करा, होमस्टेवाल्यांना विकायला नको.