मोटर बसवायची पाटी

प्रश्न : काका, आमची बारा फुटी फायबरची होडी आहे, तिला 5 अश्वशक्तीची आउटबोर्ड (होडीच्या मागे बाहेरून टांगायची) मोटर लावतो. क्लॅम्पच्या स्क्रूंनी मागच्या फळीला खड्डे पाडलेत. मध्ये घरच्या प्लायचा तुकडा ठेवला, तो एका पावसाळ्यात फुगला. आता फळी आणि क्लॅम्प यांच्या मधली लाकडी पाटी कायमची बोल्टने बसवायची आहे. सागवान घ्यावं की मरीन प्लाय?
– एक वाचक, मांजलपूर, वडोदरा

उत्तर : दोन्ही चालतात. पण आधी भोकांचं बोलू, कारण पाटी कुजते ती तिथूनच. चांदोदच्या एका नावाड्याला मी अशी पाटी करून दिली होती. वरून तीन हात व्हार्निश, पण बोल्टच्या भोकांच्या आत काहीच लावलं नाही. दोन वर्षांनी ती उतरवली तेव्हा वरचा भाग अजून चकचकीत होता आणि भोकाभोवतीचं लाकूड काळं पडून नखानं उकरलं जात होतं. ती पाटी मी अजून जपून ठेवली आहे.

तेव्हा 8 मिमीचा बोल्ट असेल तर भोक आधी 12 मिमीचं पाडा. ते घट्ट कालवलेल्या इपॉक्सीनं (दोन भाग मिसळल्यावर कडक होणारा डिंक) पूर्ण भरा, रात्रभर वाळू द्या आणि मग त्याच्या बरोबर मधून 8 मिमीचं पाडा. आता पाणी शिरलंच तरी लाकडाला लागणार नाही. होडीच्या फळीतल्या भोकांनाही हेच करा, कारण फायबरच्या आत बहुधा लाकूडच असतं. कापलेल्या कडांना इपॉक्सीचे दोन-तीन हात द्या. ऊन इपॉक्सीला खातं, म्हणून वर रंग हवाच.

प्लाय घेतलात तर आयएस 710 चा, म्हणजे मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा, शिक्का बघून घ्या. मोटर सरळ उभी राहावी म्हणून पाटी पाचरीसारखी उतरती रंधायची असेल तर मात्र सागवानच घ्या. प्लाय तिरका रंधला की त्याचे सगळे थर उघडे पडतात. सागवान तेलकट असतं, म्हणून इपॉक्सी लावायच्या अगदी आधी अ‍ॅसिटोननं पुसा.

जाडी क्लॅम्पचा जबडा मोजून ठरवा. फळी, बाहेरची पाटी आणि आतूनही लावत असाल तर ती पाटी, हे सगळं मिळून त्यात बसलं पाहिजे. पाटीची वरची कड फळीच्या वर काढू नका. आखूड दांड्याच्या मोटरला फळीची उंची 15 इंच लागते, लांब दांड्याच्या मोटरला 20. पंख्याच्या वरची आडवी पट्टी होडीच्या तळाला समपातळीत किंवा इंचभर खाली यावी. मोटर त्याहून वर गेली तर पंखा हवा ओढतो, मोटर नुसती घरघरते आणि होडी पुढं जात नाही.

बोल्ट स्टेनलेसचे घ्या, आतून रुंद वॉशर आणि पाटीमागे पॉलियुरेथेन सीलंट (पाणी अडवणारा रबरी लेप). पहिल्या फेरीनंतर क्लॅम्पचे स्क्रू पुन्हा आवळा, कारण नवं लाकूड थोडं दबतं. आणि मोटरला साखळी लावून ती होडीतल्या कडीला अडकवा, पाटीला नको.