आईला हाडांसाठी रोजचं इंजेक्शन सुरू केल्यापासून चक्कर येते, पायात गोळे येतात. बंद करावं का?

तुम्ही लिहिलंय की आईंचं वय ७१, मणका दबला म्हणून टेरिपॅराटाइड या रोजच्या इंजेक्शनचं पेन सुरू केलं, आणि पहिल्याच आठवड्यात चक्कर, मळमळ, रात्री पोटरीत गोळे. वर सोसायटीतल्या एका काकूंनी ‘या इंजेक्शनाने जबडा सडतो’ असं सांगून घाबरवलंय. मी डॉक्टर नाही. कोथरूडला राहते, माझाही मणका दबला होता आणि हेच पेन मी घेतलंय. माझं म्हणणं एवढंच, की परस्पर बंद करू नका. आधी इंजेक्शनची वेळ बदलून चालेल का, ते डॉक्टरांना विचारा.

काकूंचा घोळ आधी सोडवते. हाडांची इंजेक्शनं म्हणजे सगळी एक नव्हेत. आईंचं रोजचं, २० मायक्रोग्रॅमचं, नवीन हाड तयार करायला लावणारं. दुसरं डेनोसुमॅब, दर सहा महिन्यांनी. तिसरं झोलेड्रोनिक अॅसिड, वर्षातून एकदा सलाइनमधून. जबड्याच्या हाडाचा त्रास या दुसऱ्या-तिसऱ्याशी जोडला जातो, आणि ऑस्टिओपोरोसिसच्या (हाडं ठिसूळ होण्याच्या) डोसला तोही क्वचितच. बागेत फिरायला येणाऱ्या आमच्या मैत्रिणींतही या तिन्हींची सरमिसळ चालते. एकीला तिसऱ्यानंतर ताप आला की बाकीच्या दोघी पहिलं बंद करायला निघतात! नेटवर शोधलंत तर हाडाच्या कॅन्सरचंही वाचायला मिळेल. उंदरांना भरपूर डोस दिल्यावर तशा गाठी दिसल्या होत्या, म्हणून अमेरिकेत २००२ साली मंजुरी देताना ठळक इशारा छापला होता. माणसांत तसं आढळलं नाही, तेव्हा २०२० मध्ये तो काढला. मात्र आईंना पूर्वी हाडाचा कॅन्सर झाला असेल किंवा रेडिएशन दिलेलं असेल, तर ते डॉक्टरांना माहीत असायलाच हवं.

आता चक्कर. सुरुवातीच्या काही डोसनंतर उभं राहताना बीपी एकदम उतरू शकतं, बहुधा इंजेक्शननंतरच्या चार तासांत. आडवं झालं की बरं वाटतं. म्हणून पहिले काही दिवस इंजेक्शन पलंगावर बसूनच घ्यायचं आणि लगेच कामाला उठायचं नाही. सकाळी इंजेक्शन, पाठोपाठ बीपीची गोळी, मग जिना उतरून देवळात, हा क्रम असेल तर चक्कर येऊ शकते. मी डॉक्टरांना विचारून ते रात्री झोपताना घ्यायला लागले आणि दिवसाची भोवळ गेली. पण यात एक ग्यानबाची मेख आहे. रात्री बाथरूमला उठताना तोल गेला, तर ज्या हाडासाठी हा खटाटोप तेच मोडायचं. इंजेक्शनआधी लघवीला जाऊन यायचं, उशाशी दिवा ठेवायचा, उठताना पाय खाली सोडून मिनिटभर बसायचं.

घरात बीपीचं मशीन असेल तर आडवं असताना आणि उभं राहिल्यावर, असं दोनदा मोजून लिहून ठेवा. औषधाच्या मुख्य चाचणीत चक्कर शंभरातल्या ८ जणींना आली होती आणि औषध नसलेलं इंजेक्शन घेणाऱ्यांतही ५ जणींना. म्हणजे चक्कर या पेनचीच असेल असं नाही. कान, साखर, बीपीच्या गोळीचा डोस हेही बघायला लावा. शुद्ध हरपली तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.

मळमळीसाठी सोपी गोष्ट: हे उपाशीपोटी घ्यायचं बंधन नाही. थोडं खाऊन घ्या. पायातल्या गोळ्यांसाठी मला झोपण्यापूर्वी भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणण्याचा आणि दिवसभर पाणी पिण्याचा उपयोग झाला. प्रत्येकीला होईलच असं नाही.

पण मळमळ हटतच नसेल, सोबत उलट्या, बद्धकोष्ठ, गळून गेल्यासारखं होत असेल, तर रक्तातलं कॅल्शियम वाढलंय का ते तपासावं लागतं. आणि इथे पुण्यातल्या लॅबची सवय आड येते. सॅम्पल घ्यायला मुलगा येतो सकाळी सातला. या औषधाने कॅल्शियम डोसनंतर चार-सहा तासांनी सगळ्यात वर जातं आणि मग उतरतं, म्हणून तपासणी किमान १६ तासांनी करायची असते. रात्री नऊला इंजेक्शन घेतलं तर रक्त दुसऱ्या दिवशी दुपारी एकनंतर, पुढच्या इंजेक्शनआधी. माझ्या डॉक्टरांनी हे आधीच बजावलं होतं. नाहीतर रिपोर्ट उगाच वर येतो आणि घरात धावपळ. कॅल्शियमच्या गोळ्या आणि ६०,००० युनिटची व्हिटॅमिन डीची पावडर दोन वेगवेगळ्या डॉक्टरांनी दिलेली नाही ना, हेही तपासा. मुतखड्याचा त्रास झालेला असेल तर तोही सांगा.

पेन फ्रिजमध्ये, २ ते ८ अंशांत. फ्रीजरला लागून ठेवू नका, गोठलं की फेकायचं. लाइट गेली तर फ्रिज उघडूच नका. २८ दिवस झाले की औषध उरलं असलं तरी नवं पेन. एखाद्या दिवशी राहिलं तर त्याच दिवशी आठवल्यावर घ्या, पण एका दिवसात दोन डोस नाहीत.

आणखी एक, जे आत्ताच विचारून ठेवायला हवं. हा कोर्स साधारण २४ महिन्यांचा असतो, आणि तो संपल्यावर दुसरं औषध लागलं नाही तर कमावलेलं हाड पुन्हा झिजतं. ते पुढचं औषध बहुधा वरच्या, जबड्याच्या त्रासाशी जोडल्या जाणाऱ्या दुसऱ्या-तिसऱ्यापैकीच असेल. तेव्हा दातांचं काही काम करायचं असेल तर ते आधी उरकून घ्या.

सुया रोज नव्या वापरायच्या. वापरलेल्या सुया ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका, कचरा वेचणाऱ्या ‘स्वच्छ’च्या ताईंच्या हाताला टोचतात. जाड प्लॅस्टिकच्या बरणीत साठवा आणि दवाखान्यात घेतील का ते विचारा, आमच्याकडे घेतात.