बर्फाच्या पिशवीतले पोटॅशियम

प्रश्न : माझे वडील ७१ वर्षांचे असून रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन घेतात. मार्चमध्ये घरी येऊन रक्त नेणाऱ्या एका लॅबच्या रिपोर्टात त्यांचे पोटॅशियम ६.२ आले. रक्त सकाळी सातला घेतले होते आणि नमुना लॅबमध्ये पोहोचल्याची नोंद पावणेबाराची आहे. आम्ही घाबरून त्याच संध्याकाळी त्यांना रुग्णालयात नेले. तिथे ईसीजी व्यवस्थित निघाला आणि कोणताही उपचार न करता पोटॅशियम ४.४ भरले. आदल्या रात्री त्यांनी चार संत्री खाल्ली होती. दोष संत्र्यांचा की यंत्राचा? (एक वाचक, मानेवाडा, नागपूर)

उत्तर : वडिलांना त्याच दिवशी रुग्णालयात नेलेत, हे योग्यच केलेत. टेल्मिसार्टनसारख्या औषधाने पोटॅशियम खरोखरीच वाढू शकते, त्यामुळे सहाच्या वरचा आकडा ‘लॅबची चूक असेल’ म्हणून घरी ठेवून देण्याजोगा नसतो. संत्र्यांना मात्र दोष देऊ नये. मूत्रपिंडे नीट चालत असतील, तर एवढे पोटॅशियम ती रातोरात बाहेर टाकतात.

यंत्रही बहुधा निर्दोष आहे. पूर्वी ज्योतीत नमुना फवारून तिच्या जांभळट छटेवरून पोटॅशियम मोजत. आता व्हॅलिनोमायसिन या रेणूचा पडदा असलेला इलेक्ट्रोड वापरतात. या कड्यासारख्या रेणूत पोटॅशियमचा आयन नेमका बसतो, सोडियमचा बसत नाही. नीट देखभाल केलेल्या दोन यंत्रांत एक-दोन दशांशांचा फरक पडेल, पावणेदोनचा नव्हे.

माझा संशय आहे तो सात ते पावणेबारा या वेळावर. शरीरातले सुमारे ९८ टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असते. आपण मोजतो ते बाहेरच्या द्रवातले, प्रतिलिटर जेमतेम ३.५ ते ५ मिलिमोल. तांबड्या पेशीच्या आवरणावरचा पंप ग्लुकोजच्या ऊर्जेवर पोटॅशियम सतत आत ओढत असतो. पोऱ्याच्या पिशवीत बर्फाच्या पाकिटाला टेकून नळी चार-पाच तास राहिली, की थंडीने हा पंप मंदावतो आणि आतले पोटॅशियम हळूहळू बाहेर झिरपते. यातली खोच अशी, की पेशी फुटत नाहीत. पेशी फुटल्या असत्या, तर सेंट्रीफ्यूजमधून (नळी गरगर फिरवून पेशी तळाशी बसवणाऱ्या यंत्रातून) काढलेल्या नळीत वरचा द्रव कोकमाच्या सरबतासारखा लालसर दिसला असता आणि तंत्रज्ञाने नमुना परत मागवला असता. इथे द्रव स्वच्छ पिवळा, यंत्राची तक्रार नाही आणि आकडा मात्र खोटा.

आपल्याकडच्या मे महिन्यात, पारा ४५ अंशांवर असताना, उलटे घडते. उन्हात तापलेल्या नळीत पंप जोरात चालतो, पोटॅशियम आधी खाली येते आणि ग्लुकोज संपल्यावरच चढू लागते. मला या प्रकाराची धास्ती अधिक वाटते, कारण खरोखर वाढलेला आकडा त्यात साधारण दिसून जातो आणि साधारण आकड्यावर कोणी दुसऱ्यांदा रक्त देत नाही.

रक्त घेतानाही चुका होतात. शीर सापडत नाही म्हणून दंडाला पट्टा बांधून ‘मूठ उघडा, मिटा’ असे सांगण्याची सवय फार जुनी आहे. त्या हालचालीने स्नायूंतले पोटॅशियम बाहेर येऊन आकडा एक मिलिमोलने किंवा त्याहूनही अधिक वाढू शकतो. रक्त कमी पडले म्हणून जांभळ्या झाकणाच्या नळीतले थोडे दुसरीत ओतणे तर अक्षम्यच आहे, कारण त्या नळीतले रक्त गोठू न देणारे औषधच पोटॅशियमयुक्त असते. असा नमुना पोटॅशियम भलतेच वाढलेले आणि कॅल्शियम घटलेले दाखवतो, म्हणून असे दोन आकडे एकत्र दिसले की आम्ही आधी नळीचीच चौकशी करतो.

तेव्हा आपल्या बाबतीत ४.४ हाच आकडा विश्वासार्ह मानावा. पुढच्या वेळी वडिलांना लॅबमध्येच नेऊन, मूठ सैल ठेवून रक्त द्यावे. घरीच द्यायचे असेल, तर तास-दोन तासांत सेंट्रीफ्यूज करून द्रव पेशींपासून वेगळा करतात का, हे आधी विचारून घ्यावे. टेल्मिसार्टन स्वतःहून बंद करू नये. दोन्ही रिपोर्ट, त्यांवरील वेळांसह, आपल्या डॉक्टरांना दाखवावेत आणि मूत्रपिंडांचे काम कसे चालले आहे हे सांगणारे क्रिएटिनिन बऱ्याच दिवसांत तपासले नसेल, तर तेही त्याच नमुन्यात करून घ्यावे.