कोकणात लहान घरं उभी राहायची तर आधी कोणता नियम बदलावा?

प्रश्नात तुम्ही अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहराचा दाखला दिलाय. तिथे एका प्लॉटवर एकच घर ही अट काढली आणि 2020 पासून तीन घरांपर्यंत परवानगी मिळू लागली, मग कोकणात तसं का करत नाहीत, असं तुम्ही विचारलंय. मी चिपळूण-गुहागर भागात घरांचे नकाशे करून देतो, त्या अनुभवावरून सांगतो. आपल्याकडे ती अट मुळात नव्हतीच. निवासी विभागात बंगला, जोडघर, चाळ, अपार्टमेंट सगळं बसतं. घोडं अडतं ते जमिनीपाशी.

माझ्याकडे एक ताई आल्या होत्या. नवरा वारलेला, मुलगी शिकणारी. भाऊ वाडीतली दोन गुंठे जागा द्यायला एका पायावर तयार. पण जमीन जिरायत, आणि 1947 च्या तुकडेबंदी कायद्याखाली 2023 मध्ये ठरलेलं किमान क्षेत्र जिरायतीला 20 गुंठे, बागायतीला 10. दोन गुंठ्यांचं खरेदीखत नोंदवणार कसं? शेवटी सामायिक सातबाऱ्यावर नाव लावायचं ठरलं, तर बँकेने कर्ज नाकारलं. त्या आजही भाड्याने राहतात आणि भावाची ती जागा तशीच रान माजून पडलीय. मला हे फार लागतं.

पुढे घरकुलाच्या लाभार्थ्यांसाठी 1000 चौरस फुटांपर्यंत सूट आली, 2025 मध्ये निवासी वापराच्या जमिनींसाठीही अट सैल झाली. चांगलंच झालं. पण अशा सवलती निवासी विभाग किंवा गावठाणाची, म्हणजे सरकारी नोंदीतल्या गाववस्तीची, हद्द धरून दिल्या जातात. जमीन महसूल कायद्यातली बिगरशेतीची सवलतही गावठाणापासून 200 मीटरच्या आत. देशावर हे जमतं, तिथे गाव एका जागी दाटीने वसलेलं असतं. आमचं गाव म्हणजे डोंगरउतारावर विखुरलेल्या आठ-दहा वाड्या, मधे पऱ्हे (ओहोळ) नि कातळ. कितीतरी वाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या घरं आहेत, घरपट्टी भरली जाते, आणि कागदावर मात्र ती शेतजमीन! तेव्हा माझ्या मते पहिला बदल हाच: अंतर गावठाणापासून न मोजता वाडीतल्या शेवटच्या घरापासून मोजा.

दुसरा बदल आहे त्या घरांसाठी. आमच्या जुन्या चौपाखी घरांत ओटी, पडवी, माजघर, मागचं पडघर धरून तीन बिऱ्हाडं सहज मावतील. गणपतीपुरती उघडणारी अशी घरं तुम्हीही पाहिली असतील. त्याच तालुक्यात बदलून आलेली शिक्षिका, आरोग्य केंद्रातली नर्स खोली शोधत फिरतात आणि आंब्याच्या बागेतले नेपाळी रखवालदार पत्र्याच्या मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपटात, दिवस काढतात. घराचे कायदेशीर भाग पाडून प्रत्येकाला वेगळा घर क्रमांक आणि वेगळं वीजमीटर सरळ मिळालं, तर नवा चिरा न लावता घरं वाढतील. सामाईक भिंतीच्या जोडघरांनाही वाडीत मोकळीक हवी. समजा 40 बाय 54 फुटांचे दोन गुंठे आहेत आणि चारही बाजूंनी 10 फूट सोडायचे, तर हाती 20 बाय 34 उरतात. एका बाजूला शेजाऱ्याची भिंत घेतली की तेच 30 बाय 34 होतात.

मर्यादा मात्र हवीच, आणि ती पाण्याची. जांभ्यातून सांडपाणी भराभर झिरपतं. शोषखड्डा आणि विहीर यांत निदान 50 फूट सुटत नसतील, तर तिथे आणखी बिऱ्हाड नको. विहीर मे महिन्यात किती पाणी देते तेही बघावं. लहान घरांच्या नावाखाली टेकडी कापून शनिवार-रविवारचे फ्लॅट विकायलाही माझा विरोध आहे. चिपळूणसारख्या ठिकाणी पूररेषा सैल करणंही नको. 22 जुलै 2021 चं पाणी आम्ही डोळ्यांनी पाहिलंय.

तुमच्या गावापुरतं काही करायचं असेल तर ग्रामसभेत गावठाण विस्ताराचा ठराव मांडा. गावठाणाची हद्द ठरवायचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांचा असतो. ठरावाला वाडीवार नकाशा जोडा, त्यात प्रत्येक घर, विहीर आणि पाखाडी (पायऱ्यांची वाट) दाखवा, सोबत नमुना 8 चे, म्हणजे ग्रामपंचायतीच्या घरपट्टी नोंदीचे, उतारे लावा. आमच्याकडे एका वाडीचा नकाशा पोरांनी दोन रविवारांत काढला.