हाळी सावजालाही ऐकू जाते
वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : मी मूळचा अमरावतीचा असून गेली सहा वर्षे अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात एच-१बी व्हिसावर नोकरी करीत आहे. कार्यालयातील तिघे सहकारी दरवर्षी नोव्हेंबरमध्ये हरणाच्या शिकारीला जातात आणि यंदा त्यांनी मलाही बोलावले आहे. बंदुकीच्या सुरक्षिततेचा अभ्यासक्रम मी पूर्ण केला आहे, परवानाही काढणार आहे. मात्र त्यांच्या बेतातील एक गोष्ट मला खटकते. प्रत्येकाजवळ वॉकी-टॉकी असतो. एकजण टेकाडावरच्या मचाणावर बसतो आणि हरीण कोणत्या बाजूने निघाले ते खालच्यांना सांगतो, त्याप्रमाणे ते जागा बदलतात. ‘हे सगळेच करतात, उलट यामुळे अपघात टळतात,’ असे त्यांचे म्हणणे आहे. हे कायद्यात बसते काय? आणि बसत असले, तरी ते योग्य आहे काय?

उत्तर : आधी कायद्याचे सांगतो, कारण त्याचे उत्तर स्पष्ट आहे. आपण वर्णन केलेला बेत मिनेसोटात बेकायदेशीर आहे. त्या राज्याच्या वन्यजीव कायद्यात रेडिओ यंत्राच्या साहाय्याने मोठ्या किंवा लहान सावजाची शिकार करण्यास मनाई आहे, आणि या मनाईत वॉकी-टॉकीबरोबर मोबाइल फोनही येतो. कुत्र्याला इशारा देण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या एकतर्फी यंत्रासारखे थोडे अपवाद आहेत, पण माणसाने माणसाला सावजाचा ठावठिकाणा कळवणे त्यांत येत नाही. शिवाय त्या कायद्याने शिकारीची व्याख्या गोळी झाडण्यापुरती ठेवलेली नाही. पाठलाग करणे, तसा प्रयत्न करणे आणि दुसऱ्याला त्यात साहाय्य करणे हे सारे तिच्यात मोडते. म्हणून मचाणावर बसून नुसते ‘डावीकडच्या ओढ्यात उतरले’ एवढे सांगणारा मनुष्यही खाली बंदूक घेऊन उभ्या असलेल्या मनुष्याइतकाच जबाबदार ठरतो. आपल्याला नवखे म्हणून कदाचित हेच ‘निरुपद्रवी’ काम दिले जाईल. त्या वेळी हे ध्यानात असू द्यावे.

‘सगळेच करतात’ हे आपल्या सहकाऱ्यांचे म्हणणे कुठून आले असेल, याचा अंदाज करता येतो. अमेरिकेत शिकारीचे नियम प्रामुख्याने ज्याचे त्याचे राज्य ठरवते आणि या बाबतीत सर्व राज्ये एका मताची नाहीत. मोंटाना राज्यात सावजाच्या शिकारीसाठी दुतर्फा संपर्काचा उपयोग करणे निषिद्ध आहे, परंतु सुरक्षिततेसाठी किंवा अन्य रास्त कारणासाठी यंत्र जवळ बाळगण्यास आणि वापरण्यास हरकत नाही. मिनेसोटाला लागूनच असलेल्या विस्कॉन्सिनमध्ये नियमाचा रोख थोडा वेगळा आहे. तेथे गटाने शिकार करताना एकाच्या वाट्याचे हरीण दुसरा टिपू शकतो, मात्र त्या क्षणी दोघे एकमेकांच्या दृष्टीच्या किंवा आवाजाच्या टप्प्यात असावे लागतात आणि हा संपर्क कोणत्याही यांत्रिक वा इलेक्ट्रॉनिक साधनाविना असावा लागतो. त्याला अपवाद केवळ कानाला लावायच्या श्रवणयंत्राचा आहे. काही राज्यांत असे बंधन नाही. तेव्हा एका राज्यात शिकलेली सवय सीमेपलीकडे जशीच्या तशी नेली, तर ती गुन्हा ठरू शकते. ज्या राज्यात शिकार करायची, त्याच राज्याची त्या वर्षीची नियमपुस्तिका वाचणे याला पर्याय नाही.

आपण एच-१बी व्हिसावर आहात, म्हणून आणखी एक गोष्ट आवर्जून सांगतो. आपले सहकारी अमेरिकेचे नागरिक असतील, तर हा धोका त्यांच्या लक्षातही येणार नाही. तात्पुरत्या व्हिसावर राहणाऱ्या व्यक्तीने बंदूक किंवा काडतुसे बाळगणे हा अमेरिकेच्या संघराज्य कायद्याने गुन्हा आहे. त्याला जे मोजके अपवाद आहेत, त्यांतला एक म्हणजे अमेरिकेतील एखाद्या राज्याने रीतसर दिलेला शिकारीचा परवाना जवळ असणे. म्हणजे तो कागद आपल्यासाठी केवळ हरणापुरता नाही, बंदुकीला हात लावण्याचा आपला अधिकारच त्यावर टेकलेला आहे. परवाना रद्द झाला तर तो आधार जातो, आणि बहुतेक राज्यांनी एकमेकांत केलेल्या करारामुळे एका राज्याने निलंबित केलेला शिकारीचा हक्क दुसऱ्या राज्यातही मिळत नाही. इमिग्रेशनच्या कागदपत्रांत एखाद्या गुन्ह्याची नोंद चिकटली, तर पुढे काय काय निस्तरावे लागते, हे आपण माझ्यापेक्षा अधिक जाणता. एका हरणासाठी हे ओढवून घेऊ नये, असे मी आपल्याला अगदी कळकळीने सांगतो.

आता योग्य-अयोग्याचा प्रश्न. माझ्या मते आपल्या पत्रातला खरा प्रश्न हाच आहे.

अमेरिकेतील शिकाऱ्यांनी यावर बराच विचार केलेला आहे. पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले थिओडोर रूझवेल्ट आणि निसर्ग-अभ्यासक जॉर्ज बर्ड ग्रिनेल यांनी १८८७ मध्ये शिकाऱ्यांचा ‘बून अँड क्रॉकेट क्लब’ स्थापन केला, तेव्हा बाजारासाठी चाललेल्या बेसुमार कत्तलीने त्या खंडावरचे रानगवे, म्हणजे बायसन, काही शेकड्यांवर आले होते. शिकार करणाऱ्यानेच स्वतःला बंधन घालून घेतले नाही, तर शिकारही उरणार नाही आणि रानही उरणार नाही, या जाणिवेतून तेथे ‘फेअर चेस’ची कल्पना रुजली. तिला आपण न्याय्य पारध म्हणू. मोकळ्या रानातल्या जनावरावर शिकाऱ्याला गैरवाजवी वरचष्मा मिळू नये, हे तिचे सार आहे. आजही या क्लबच्या विक्रमांच्या नोंदवहीत आपले सावज नोंदवायचे असेल, तर सावज शोधण्यासाठी किंवा शिकाऱ्याला त्याच्याकडे नेण्यासाठी इलेक्ट्रॉनिक संपर्क वापरलेला नाही, असे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. धनुर्धारी शिकाऱ्यांच्या ‘पोप अँड यंग क्लब’चा नियमही याच धर्तीचा आहे. ज्या राज्यात कायद्याने बंदी नाही, तेथे केलेली शिकारसुद्धा या कारणाने नोंदीला अपात्र ठरते. कायद्याने मोकळीक दिली तरी शिकाऱ्यांनी स्वतः तिला नकार दिला, ही बाब मला फार मोलाची वाटते.

यावर एक आक्षेप येऊ शकतो आणि तो आपल्याच मातीतला आहे. आपल्याकडे हाक्याची शिकार होत असे. वीस-पंचवीस माणसे डबे-ढोल बडवत, आरोळ्या ठोकत रान उठवायची आणि सावज मचाणावरच्या शिकाऱ्याच्या दिशेने काढायची. माझ्या आजोबांच्या तोंडून मी अशा हाक्यांची वर्णने ऐकली आहेत. तीही माणसे एकमेकांना हाळी देऊन ‘डुक्कर नाल्याकडं वळलं’ असे सांगतच असत. मग तीच गोष्ट वॉकी-टॉकीवर सांगितली, तर असे काय बिघडले?

मी या आक्षेपावर पुष्कळ विचार केला आणि मला जो फरक दिसतो तो असा : हाळी सावजालाही ऐकू जाते. माणूस ओरडला की आपण कुठे आहोत हे तो जनावरालाही सांगून बसतो. जनावर थबकते, वळते, दोघांच्या मधून निसटते. सोबत्याला दिलेल्या प्रत्येक खबरेची किंमत म्हणून त्याला थोडी खबर जनावराला द्यावीच लागते. वॉकी-टॉकीवर कुजबुजलेली खबर मात्र एकाच बाजूला पोहोचते. हरणाजवळ कान आणि नाक आहे, वाऱ्याचा अंदाज आहे, आणि या सगळ्यांपेक्षा मोठा आसरा म्हणजे मधले टेकाड. टेकाड ओलांडून पलीकडे उतरलेले हरीण अलीकडच्या शिकाऱ्याच्या दृष्टीने नाहीसे झालेले असते. तिथे त्याला पुन्हा माग काढावा लागतो, चुकावे लागते, कधी हात हलवत परतावे लागते. रेडिओ हे टेकाडच मधून काढून टाकतो. हाक्याची शिकार सगळ्या बाबतींत न्याय्य होती असे मी म्हणत नाही, कोंडून मारण्याचे कितीतरी प्रकार तिच्यात झाले. पण आवाजापुरती तरी तिथे दोन्ही बाजूंना एकच हवा होती. विस्कॉन्सिनचा ‘उघड्या कानाने ऐकू यावे’ हा नियम वाचताना मला हाक्यातली हाळीच आठवली.

मग दुर्बीण, बंदुकीवरची दुर्बीण, जीपीएस यांचे काय, असे आपले सहकारी विचारतील, आणि त्यांना तसे विचारण्याचा हक्क आहे. दुर्बीण आपलाच डोळा लांब करते. जीपीएस आपण स्वतः कुठे आहोत ते सांगते, हरीण कुठे आहे ते सांगत नाही. रेडिओवर मात्र दुसऱ्याचा डोळा उसना मिळतो, तोही आपण जेथून पाहू शकत नाही अशा जागेवरचा. झाडाला बांधलेले जे कॅमेरे हरीण दिसताच त्या क्षणी छायाचित्र फोनवर पाठवतात, तेही मी याच कारणाने रेडिओच्या रांगेत बसवतो. ही रेघ सर्वत्र काटेकोर ओढता येते असा माझा दावा नाही. पण आपल्या पत्रातला प्रसंग रेघेवरचा नाही, तो उघडपणे पलीकडचा आहे.

सुरक्षिततेचा मुद्दा मात्र मी हलक्याने घेणार नाही. थंडीत, अनोळखी रानात, चार बंदुकांच्या सोबतीत संपर्काचे साधन जवळ असणे शहाणपणाचेच आहे. ‘मी मचाणावरून उतरलो’, ‘मी पूर्वेच्या वाटेने गाडीकडे निघालो, त्या दिशेने बार काढू नका’, ‘पाय मुरगळला, या’ ही वाक्ये माणसाचा जीव वाचवण्यासाठी आहेत. ‘तीन माद्या आणि एक नर दलदलीकडे निघाले’ हे वाक्य तसे नाही. बोलणे माणसाबद्दल आहे की जनावराबद्दल, एवढे एकच विचारले तरी बहुतेक वेळा उत्तर मिळते. तरीही यंत्र शिकार चालू असताना सतत कानाशी ठेवू नये. ते पिशवीत बंद असावे आणि ठरलेल्या वेळी किंवा अडचणीत बाहेर यावे, असे निघण्यापूर्वीच सर्वांनी ठरवावे. रात्री चहा घेताना ठरवलेली गोष्ट पहाटे मचाणावर पाळणे सोपे जाते.

एक प्रसंग मात्र खरोखर अवघड आहे. गोळी लागली, पण हरीण पडले नाही, रक्ताचा माग ठेवत झाडीत गेले, अंधार पडायला आला. अशा वेळी सोबत्याला रेडिओवर बोलावून त्या जिवाची तगमग लवकर संपवावी असे वाटणे माणुसकीचे आहे. पण जखमी हरणाचा पाठलाग हासुद्धा कायद्याच्या दृष्टीने शिकारच असतो, आणि तो रेडिओने करणे त्या व्याख्येत येऊ शकते. आपल्या भागातील वन्यजीव अधिकाऱ्याला हंगामापूर्वीच दूरध्वनी करून नेमका हा प्रसंग विचारून ठेवावा. असे प्रश्न विचारणाऱ्या नवख्याला हे अधिकारी आदराने वागवतात. आणि त्याहून आधी, खात्री नसताना चाप ओढू नये, म्हणजे या पेचात पडण्याची पाळीच क्वचित येते.

सहकाऱ्यांना कसे सांगावे, हेही आपल्याला बोचत असणार. ‘मला व्हिसामुळे हा धोका घेता येत नाही, म्हणून सावजाबद्दल रेडिओवर बोलणे होणार नसेल तरच मी येतो,’ असे सरळ सांगावे. ते खरे आहे आणि त्यात कोणाचा पाणउतारा नाही.

प्रश्न : वरील बाब सोडली, तर केवळ सुरक्षिततेसाठी अमेरिकेत वॉकी-टॉकी वापरायला वेगळा परवाना लागतो काय?

उत्तर : दुकानात जोडीने मिळणारे एफआरएस (फॅमिली रेडिओ सर्व्हिस) वर्गातील संच परवान्याशिवाय वापरता येतात. २०१७ मधील नियमबदलानंतर त्यांना २२ वाहिन्या आणि त्यांपैकी बऱ्याच वाहिन्यांवर २ वॉटपर्यंत शक्ती वापरण्याची मुभा आहे. दाट झाडीत आणि टेकड्यांमध्ये वेष्टनावर छापलेल्या मैलांवर विश्वास ठेवू नये. अधिक शक्तीच्या जीएमआरएस (जनरल मोबाइल रेडिओ सर्व्हिस) संचांसाठी परवाना लागतो. त्याला परीक्षा नाही, शुल्क ३५ डॉलर आहे, तो १० वर्षे चालतो आणि एकाच परवान्यावर जवळचे कुटुंबीय बोलू शकतात. या लहरींवरचे बोलणे कोणालाही ऐकू येते. तसेच राज्याच्या वा संघराज्याच्या कायद्याविरुद्ध असलेल्या कामासाठी हे संच वापरणे रेडिओच्या नियमांनीही निषिद्ध आहे, म्हणजे बेकायदा शिकारीत एका वाक्याने दोन नियम मोडले जातात.

प्रश्न : आम्ही यवतमाळ जिल्ह्यातील शेतकरी आहोत. रानडुकरे आणि रोही, म्हणजे नीलगाई, पिकात घुसतात म्हणून रात्री जागल करावी लागते. पाच-सहा शेतांवरच्या लोकांनी वॉकी-टॉकी घेतले, तर चालेल काय? त्यावरून एकमेकांना दिशा सांगत, हाका घालून म्हणजे रान उठवून डुकरे मारली, तर?

उत्तर : या दोन प्रश्नांची उत्तरे एकमेकांच्या उलट आहेत. ‘कळप तुमच्या बांधाकडे आला, उठा’ असे एकमेकांना कळवून गलका करणे हे पिकाचे रक्षण आहे, आणि जागलीवर एकट्या माणसाच्या जिवाला जो धोका असतो तो पाहता त्याची गरजही आहे. त्यासाठी भारतात परवानामुक्त असलेल्या ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ पट्ट्यातील कमी शक्तीचे, मान्यताप्राप्त संचच घ्यावेत. ऑनलाइन स्वस्तात मिळणारा कोणताही संच त्या पट्ट्यातला असेलच असे नाही.

मारण्याचे मात्र वेगळे आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येतच जनावर हाकणे, आमिष दाखवणे आणि तसा प्रयत्न करणे यांचा समावेश आहे. म्हणून मारण्याच्या हेतूने हाका घालणारा आणि रेडिओवरून दिशा सांगणारा, दोघेही शिकारीच ठरतात. पिकाची नासाडी करणाऱ्या रानडुकरांना आणि रोह्यांना मारण्याची परवानगी वन विभागाच्या अधिकृत अधिकाऱ्याच्या लेखी आदेशानेच मिळते, आणि तो आदेश ज्या अटींवर असेल त्या अटींबाहेर एक पाऊलही टाकता येत नाही. तारेत वीज सोडण्याचा मार्ग तर कोणीच धरू नये. त्या तारांनी माणसेही गेली आहेत आणि वाघही. नुकसान झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी वनपरिक्षेत्र कार्यालयात अर्ज द्यावा, पंचनामा होईपर्यंत मोडलेले पीक उपटू नये, आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय तेथून निघू नये.