मोबाइलवर गेम खेळून मुलाचे डोळे खराब होतात का?

दादा, तुमचा मुलगा 11 वर्षांचा. सुट्टी लागल्यापासून रोज चार तास मोबाइलवर बीजीएमआय खेळतो आणि आता चष्म्याच्या दुकानात त्याला पाऊण नंबर सांगितलाय. हे गेममुळेच झालं का आणि निळ्या प्रकाशाचा चष्मा घ्यावा का, असं तुम्ही विचारलंय. मी नाशिकला सिडकोत 16 वर्षं ऑप्टोमेट्रिस्ट म्हणून नंबर काढते. आधी एक विनंती करते: त्या पाऊण नंबरचा चष्मा अजून करायला टाकू नका.

जवळचं बघताना डोळ्यातल्या भिंगाभोवतीचा एक बारीक गोल स्नायू आवळतो आणि भिंग फुगतं. दूर बघितलं की तो सैल पडतो. तासन् तास जवळ बघत राहिलं, तर मुलांचा हा स्नायू आवळलेलाच राहू शकतो. मग फळ्यावरचं पुसट दिसतं आणि मशीनवर मायनस नंबर येतो, पण तो खरा नसतो. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी मी एका नववीतल्या मुलाला असा सव्वा नंबर काढून दिला होता. दीड महिन्यानं डोळ्यांच्या डॉक्टरांनी हा स्नायू सैल करणारे थेंब टाकून तपासलं, तेव्हा नंबर नव्हताच. दीड महिना त्या पोरानं नको असलेला चष्मा लावला, डोकं दुखतंय म्हणून अभ्यास सोडून झोपून राहायचा. त्याच्या आईनं मला बोल लावला नाही. पण तेव्हापासून कुठल्याही मुलाचा पहिला चष्मा मी थेंबांच्या तपासणीशिवाय करत नाही.

थेंब टाकूनही नंबर निघाला, तर तो खरा. त्यात डोळा मागच्या बाजूला लांबलेला असतो. मोठ्या माणसाचा डोळा साधारण 24 मिलिमीटर लांब असतो. तो एक मिलिमीटर जास्त वाढला की अडीच-तीन नंबर चढतो. वाढलेला डोळा परत आखूड होत नाही, म्हणून वाढत्या वयात जपायचं.

आता गेमबद्दल. गेम म्हणून तो डोळ्यांचा वैरी नाही. 2009 साली अमेरिकेत संशोधक डॅफ्ने बाव्हेलिए आणि सहकाऱ्यांनी तरुणांना 9 आठवड्यांत 50 तास अ‍ॅक्शन गेम खेळवले, तर फिकट छटांमधला फरक ओळखण्याची त्यांची क्षमता वाढली. पण हिशोब बघा, ते दिवसाला तासभरसुद्धा होत नाही, आणि ती मोठी माणसं होती.

त्रास अंतराचा आहे. मोबाइल 25 सेंटिमीटरवर धरला की डोळ्याला 4 नंबरचा जोर लावावा लागतो. तोच गेम अडीच मीटरवरच्या टीव्हीवर खेळला तर अर्ध्या नंबरपेक्षाही कमी. त्यामुळे गेम बंद करता येत नसेल तर निदान मोठ्या पडद्यावर न्या. अंथरुणात पडून, नाकाला मोबाइल लावून खेळणं मात्र पूर्ण बंद. गेमच्या नादात पापण्यांची उघडझापही निम्म्याहून कमी होते. डोळे चुरचुरतात, लाल होतात ते त्यामुळे.

दर 20 मिनिटांनी 20 फुटांपलीकडे 20 सेकंद बघा, हा नियम तुम्ही ऐकला असेल. चांगला आहे, पण मॅचच्या मध्यात कुठलं पोर मान वर करणार? मी आयांना सांगते, मॅच संपली की गॅलरीत. हरला तरी, जिंकला तरी. तिथून लांबची झाडं, टाकी, डोंगर, जे दिसेल ते बघू दे.

निळ्या प्रकाशाचा चष्मा माझ्याही दुकानात विकायला आहे. तरी सांगते, पैसे घालू नका. 2023च्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे अनेक अभ्यास एकत्र तपासून काढलेल्या निष्कर्षात, डोळ्यांचा थकवा कमी करण्यात तो साध्या काचेपेक्षा सरस दिसला नाही.

त्या चार तासांत मुलगा उजेडाला मुकतोय, मला जास्त काळजी त्याची वाटते. उजेड लक्समध्ये मोजतात; घरात दिवा लावून 300-500 लक्स मिळतात, बाहेर सावलीतसुद्धा 10,000च्या आसपास. चीनमध्ये ग्वांगझूच्या शाळांत पहिलीच्या मुलांना रोज 40 मिनिटं जास्त बाहेर काढलं. तीन वर्षांनी मायनस नंबर लागलेली मुलं शंभरात 40 ऐवजी 30 निघाली. नंबर लागायच्या आधी याचा उपयोग सर्वांत जास्त, म्हणून घाई करा. तुम्ही इंदिरानगरला राहता, पांडवलेणी जवळच आहे. रविवारी सकाळी पायऱ्या चढवा. एरवी गोल्फ क्लबच्या मैदानावर क्रिकेट, सायकल, काहीही, पण रोज दोन तास उजेडात. डोक्यावर टोपी हवी, आणि सूर्याकडे बघायचं नाही.

आज घरी एवढं करा: मुलाच्या एकेका डोळ्यावर तळवा ठेवून समोरच्या भिंतीवरचं कालनिर्णय वाचायला लावा. दोन्ही डोळ्यांत फरक वाटला, तो मान तिरकी करत असेल किंवा एक डोळा मिटून बघत असेल, तर थांबू नका, याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा. तसं काही नसेल तर शनिवारची वेळ घ्या. थेंबांनंतर साधारण दिवसभर जवळचं धूसर दिसतं, उन्हाचा त्रास होतो. रविवार हाताशी असला की बरं.