मानमोडीत गेलेला पोरगा

"मॅडम, सत्तेचाळीस वर्षांच्या बाईनं पोरीटोरींची पुस्तकं वाचणं हे आजारात धरतात काय हो?"

मी समुपदेशक, मला आलेल्या फोनवरचं पहिलं वाक्य हे. नाव त्यानंतर. मागे कुकरची शिट्टी झाली तशी ती गडबडली, "खरं जाऊ दे, मी येऊनच बोलतो," म्हणाली आणि फोन ठेवला. (बेळगाव-खानापूरकडच्या बायका 'मी येतो, मी जातो' असंच बोलतात, आणि 'पण' म्हणायचं तिथं 'खरं' म्हणतात. पुण्याच्या वाचकांनी गोंधळू नये.)

तिला इथे शैलाताई म्हणते. नाव, नोकरी, घरच्या खुणा बदलल्या आहेत आणि लिहू का म्हणून तिला विचारलं आहे. हाच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी माझ्याकडे येत असतो. निवृत्त मास्तर नातवाबरोबर बसून कार्टून बघतात आणि नातू झोपला तरी उठत नाहीत. पन्नाशीचे एक गृहस्थ कोरियन मालिका बघून रडतात आणि बायकोला सर्दी झाली म्हणून सांगतात. सगळ्यांना एकच हवं असतं: या वयात हे चालतं, असं कुणीतरी शिकलेल्या माणसाने म्हणावं. शैलाताईंची गोष्ट लिहावीशी वाटली कारण तिच्यात मी चुकले.

जुलैचा पाऊस होता. बेळगावात टिळकवाडीतल्या माझ्या खोलीत त्या खुर्चीच्या कडेवर टेकल्या, पिशवी मांडीवर. रेनकोटचं पाणी फरशीवर ठिबकत होतं, त्याबद्दल दोनदा माफी मागून झाली. मग पिशवीतून प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यातून टॉवेल, आणि टॉवेलातून एक जाडजूड पुस्तक निघालं. त्याला गेल्या वर्षीच्या कालनिर्णयच्या ऑगस्टच्या पानाचं कव्हर. कोपरे शाळेतल्या वहीसारखे नीट दुमडलेले. संकष्टीचा चंद्रोदय बरोबर पुस्तकाच्या मधोमध आला होता. कव्हर उचकटून बघितलं तर आत काळं मुखपृष्ठ, दोन पांढुरके हात आणि त्यांच्या ओंजळीत लालभडक सफरचंद.

ट्वायलाइट. स्टेफनी मेयर या अमेरिकन लेखिकेची 2005 सालची कादंबरी. चार भागांतली पहिली, चौथा भाग 2008 मध्ये आला. ज्यांच्या घरात दशकभरापूर्वी कॉलेजची मुलगी होती त्यांना हे मुखपृष्ठ आठवत असेल. बाकीच्यांसाठी थोडक्यात: सतरा वर्षांची बेला कडक उन्हाचं फीनिक्स शहर सोडून वडिलांकडे राहायला जाते, फोर्क्स नावाच्या गावात, जिथं पाऊस थांबतच नाही. शाळेत तिला एडवर्ड भेटतो. तो व्हॅम्पायर, रक्त पिणारा. पण त्याचं कुटुंब माणसांना हात लावत नाही, जंगलातल्या जनावरांवर भागवतं आणि गमतीने स्वतःला शाकाहारी म्हणवतं. दोघांचं प्रेम बसतं. तो तिच्यापासून लांब राहायचा प्रयत्न करतो, आणि अर्थातच राहू शकत नाही.

पुस्तक मुलीचं. मुलगी आता बेंगळूरला नोकरीला. पावसाळ्यापूर्वी माळा झाडताना खोक्यात सापडलं. "स्टुलावर उभं राहूनच चार पानं वाचलो. खाली दूध उतू गेलं."

एवढ्यावर कुणी समुपदेशकाकडे येत नाही. झालं असं, की भिशीत बायका वाचनाबद्दल बोलत होत्या. एकीने अध्यात्माचं नाव घेतलं, एकीने आरोग्याचं, आणि शैलाताईंनी भोळेपणाने हे सांगितलं. जराशी शांतता. मग एक जण म्हणाली, "अगं बाई, या वयात? घरात सगळं बरं हाय नव्हं?" त्याच आठवड्यात यजमानांनी दिरांच्या घरी जेवताना विषय काढला, "आमच्या हिला आता भुताचं प्रेम लागलंय." सगळे हसले. शैलाताईही हसल्या. घरी येऊन त्यांनी कॅलेंडरचं पान फाडलं.

तेव्हापासून पुस्तक पतसंस्थेच्या काउंटरच्या ड्रॉवरमध्ये. जेवणाच्या सुट्टीत दहा पानं. रात्री अकरानंतर स्वयंपाकघरात, ओट्याजवळच्या दिव्याखाली. पावलं वाजली की वर पेपर.

आता माझी चूक. आमच्या धंद्यात एक सवय लागते: माणूस कशात रमला की तो कशाला टाळतोय हे शोधायची. मी वळणावळणाने विचारलं, यजमान बोलतात का, वेळ देतात का, मुलगी गेल्यावर घर रिकामं वाटतं का. उद्यमबागेत यजमानांचं छोटं वर्कशॉप, दिवसभर लेथवर, रात्री थकलेले. माझ्या डोक्यात चित्र तयारच होतं. चौथ्या प्रश्नाला शैलाताईंनी पिशवीचा बंद सोडला, परत बांधला आणि म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही पण भिशीतल्या बायकांसारखंच विचारताय की."

बरोबर होतं. शब्द तेवढे मऊ होते माझे.

मग मी जे आधी विचारायला हवं होतं ते विचारलं. यात आवडतं काय?

"पाऊस," त्या म्हणाल्या.

त्यांचं माहेर खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या पुढे, कणकुंबीच्या बाजूला. जूनमध्ये दार लावलं की सप्टेंबरात उघडायचं असा तिथला पाऊस. भिंतींना बुरशी, कपड्यांना धुराचा वास, चुलीवर दोरी बांधून वाळवलेले परकर. बेला गाडीच्या काचेतून बाहेर बघते आणि सगळं हिरवं, नको तेवढं हिरवं दिसतं, ते वाचून शैलाताई थांबल्या होत्या. "इतक्या लांबच्या बाईला आमचं गाव कसं कळलं म्हणून." सतरा वर्षांच्या असताना त्या खानापूरला पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला होत्या. एसटी बंद पडली की खिडकीशी बसून नुसतं बाहेर बघायचं. एकोणिसाव्या वर्षी लग्न. त्या खिडकीशी बसलेल्या मुलीची गाठ मध्ये अठ्ठावीस वर्षं पडलीच नव्हती.

हे काही एकट्या शैलाताईंचं नाही. चाळिशी उलटलेल्या माणसाला आयुष्यातल्या आठवणी सांगायला लावल्या, तर साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी प्रमाणाबाहेर जास्त निघतात, हे मानसशास्त्रात पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. पहिल्यांदा घडलेल्या गोष्टी तिथेच साठलेल्या असतात. कुमारवयाची कादंबरी नेमकी त्याच कप्प्याला हात घालते. त्यामुळे मोठ्या माणसाने ती वाचणं म्हणजे वयाने मागे जाणं नव्हे. वाचताना सत्तेचाळीस आणि सतरा दोन्ही एकाच खुर्चीत बसलेले असतात. अमेरिकेत बोकर या संस्थेने 2012 मध्ये पाहणी केली, तेव्हा बारा ते सतरा वयासाठी म्हणून छापलेल्या पुस्तकांच्या खरेदीदारांत निम्म्याहून अधिक, 55 टक्के, अठरा किंवा त्यावरचे निघाले. सर्वांत मोठा गट तीस ते चव्वेचाळीसचा. आणि ही खरेदी बहुतेकांनी स्वतःसाठीच केली होती. शैलाताईंना हा आकडा सांगितला. "म्हणजे तिथल्या बायका पण लपवत असतील," त्या म्हणाल्या आणि पहिल्यांदा खुर्चीला टेकून बसल्या.

दुसऱ्या भेटीत त्यांनी जे सांगितलं ते मी कुठल्याच पुस्तकात वाचलं नव्हतं.

एडवर्ड दिसायला सतरा वर्षांचा, पण जन्म 1901 चा. 1918 मध्ये शिकागोत स्पॅनिश फ्लूने तो मरायला टेकलेला असताना एका व्हॅम्पायर डॉक्टरने त्याला आपल्यासारखं केलं, म्हणून तो सतरावरच थांबला. प्रेमकथा म्हणून वाचणाऱ्या मुली हे पान भराभर उलटत असतील. शैलाताई त्या पानावर अडल्या.

"मॅडम, 1918 म्हणजे मानमोडी की."

मानमोडी. त्या साथीला आपल्याकडे हेच नाव होतं. बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यात, आणि साथ मुंबई बंदरातून आत पसरली. देशभरात कोटीच्या वर माणसं गेली. त्यांत शैलाताईंची पणजी होती. आजी तेव्हा पाळण्यात. बिनआईची वाढलेली ती आजी पावसाळ्यात चुलीपुढे बसून, न बघितलेल्या आईबद्दल ऐकीव गोष्टी सांगायची: अंगणात आली, मान टाकली, संध्याकाळी गेली. "तो पोरगा माझ्या पणजीच्या वारीचा," शैलाताई म्हणाल्या. "त्याला कुणीतरी वाचवलं. आमच्या पणजीला कोण वाचवणार होतं तिथं जंगलात? खरं वाचताना वाटतंय, हा बघितला असेल तो ताप."

वारीचा, म्हणजे बरोबरीचा. मी पेन खाली ठेवलं.

यावरून कुणी असं समजू नये, की पुस्तकाच्या तळाशी काहीतरी गंभीर सापडलं म्हणून ते वाचणं माफ झालं. ही आपली एक खोडच आहे, करमणुकीला कारणाचं प्रमाणपत्र लागतं. शैलाताईंनीच मला त्यातून सोडवलं. "आणि खरं सांगू? तो आवडतो पण मला. उन्हात चमकतो म्हणे, शहापुरी साडीच्या काठागत." आणि तोंडाला पदर लावून इतक्या हसल्या की बाहेर बसलेल्या पुढच्या बाईंनी आत डोकावून बघितलं.

तिसरी गोष्ट इंग्रजीची. मराठी शाळा, ऑफिसात कानडी, मुलगी इंग्रजी माध्यमात, ही आपल्या सीमाभागातल्या घरोघरची त्रेधा. मुलीच्या शाळेत पालकसभेला शैलाताई मागच्या बाकावर बसायच्या. हे पुस्तक बेला स्वतः 'मी' म्हणून सांगते, शाळेतल्या मुलीच्या भाषेत, आखूड वाक्यांत. अडलेले शब्द त्या पेन्सिलीने समासात लिहायच्या, पुढे मराठीत अर्थ. पहिल्या प्रकरणात समास भरलेला, शेवटच्या प्रकरणांत कोरा. आयुष्यात पहिल्यांदा एक इंग्रजी पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचून झालं होतं, आणि हे सांगायला त्यांना कुणी नव्हतं, कारण सांगितलं तर कुठलं पुस्तक हे सांगावं लागलं असतं. लाजेने किती काय गिळलं होतं, ते मला त्या समासात दिसलं.

आता ज्यांना खरोखर काळजी वाटते त्यांच्यासाठी थोडं सरळ बोलते. या कादंबरीत एडवर्ड रात्री खिडकीतून बेलाच्या खोलीत येतो आणि तिला झोपलेली बघत बसतो, तिला पत्ताही नसतो. गोकाककडची एक कॉलेजची मुलगी माझ्याकडे आली होती; मित्र दिवसभर लोकेशन मागायचा, हॉस्टेलच्या फाटकाशी उभा राहायचा आणि तिला ते प्रेम वाटायचं. तिच्या हातात हे पुस्तक असतं तर मी तिच्याबरोबर बसून त्या पानावर बोलले असते. शैलाताईंना मी त्याच पानाबद्दल विचारलं. "आमच्या पोरीच्या खिडकीत कोण असा आला असता तर ह्यांनी लेथवरचा रॉड काढला असता," त्या म्हणाल्या. "पुस्तकात बरा वाटतो. पुस्तकातच." अशी पुस्तकं पोरींनी वाचावीत आणि मोठ्यांनी सोडावीत असं लोक म्हणतात, मला ते उलटं वाटतं. गोष्टीतलं चांगलं वाटणं आणि घरातलं चालवून घेणं या दोन्हींतली भिंत सत्तेचाळिसाव्या वर्षी पक्की झालेली असते, सोळाव्या वर्षी तिचा गिलावा ओला असतो.

झोप मात्र मी विचारली. रात्री एक-दीडपर्यंत वाचून सकाळी पाचला उठणं, त्यातून काउंटरवर एकदा पैसे मोजायला चूक झालेली. तेवढं बदलायला सांगितलं. घरच्या माणसांचा कंटाळा येऊ लागला, कामं पडून राहू लागली, पुस्तक मिटल्यावर रोज रडू यायला लागलं, तर प्रश्न पुस्तकाचा राहत नाही, मग या म्हटलं. त्यांच्या बाबतीत यातलं काही नव्हतं. रात्रीचं जागरणसुद्धा लपवण्यामुळेच होत होतं. दिवसा सोफ्यावर बसून वाचता आलं असतं तर अकराला झोपल्या असत्या.

सासऱ्यांचं वय ऐंशी. ते आपल्या सार्वजनिक वाचनालयातून बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा मागवतात. ज्या लेखकाने हजारावर पुस्तकं लिहिली त्याची शाळकरी वयात वाचलेली पुस्तकं ते आज पुन्हा वाचतात, आणि वाचनालयाची पायरी चढवत नाही म्हणून यजमान स्वतः बदलून आणून देतात. त्यांना कुणी या वयात म्हणून विचारलेलं नाही. हे मी बोलून दाखवलं नाही, शैलाताईच बोलता बोलता त्यावर आल्या आणि थोडा वेळ गप्प बसल्या.

सगळ्या भिशीला सांगा, असं मी कधी सुचवत नाही. एकाच माणसाला सांगा, म्हटलं. त्यांनी मुलगी निवडली. तिसऱ्या भेटीत सांगत होत्या: फोनवर मुलगी किंचाळलीच. "आई! ते मी नववीत वाचलेलं. आता कुणी विचारलं तर नाही वाचलं म्हणून सांगतो मी." मग माय-लेकी पाऊण तास त्याच पुस्तकावर बोलल्या. लाज वाटते म्हणणारीला प्रसंग न् प्रसंग पाठ होता.

यजमानांचं काय, मी विचारलं. ते हसायचे थांबलेत असं नाही. खरं आता 'भुताचं कुठपर्यंत आलं?' म्हणून विचारतात आणि उत्तर ऐकायला थांबतात, एवढा फरक.

दुसरा भाग शैलाताईंनी अर्ध्यात सोडला. त्यात एडवर्ड सुरुवातीलाच निघून जातो आणि बरीचशी पानं फिरकत नाही. "असा राग आला मला. रडत बसली ती, काम ना धंदा. ठेवून दिलो." तिसरा वाचणार का? बघतो म्हणाल्या.

निघताना त्यांनी पहिला भाग पिशवीत टाकला, बसमध्ये परत एकदा ती पावसाची पानं वाचायला. कॅलेंडरचं कव्हर तसंच होतं, ऑगस्ट, संकष्टी, सगळं. मला राहवलं नाही. "शैलाताई, आता कशाला हे कव्हर?"

"असू दे की मॅडम," त्या टॉवेल गुंडाळत म्हणाल्या. "पुस्तक पोरीचं हाय. मळलं तर ओरडणार ती."